चौदावा किलोमीटर

१२ सप्टेंबर २०१७, मंगळवार

पोहणे ८०० मीटर. सायकल २२ किलोमीटर. धावलो नाही. उजवा गुडघा बरा आहे.

ही वही गझाला मॅडमच्या सांगण्यावरून घेतली. त्या यवतमाळला एका शाळेत पीटी शिकवतात, आणि पाण्यात आम्हा सगळ्यांच्या पुढे असतात. म्हणाल्या, "कलीमभाई, रोज किती केलं ते लिहा, आणि मनात काय आलं तेही लिहा." शाळा मराठीतच झाली, म्हणून मराठीत लिहितो. आर्णीला बसस्टँडजवळ माझं सायकलचं दुकान आहे. वय अडतीस. या वयात कोणी चड्डीवर तलावात उड्या मारतं का, असं माझी बायको जमिला रोज विचारते.

बारा दिवसांनी शर्यत. आधी पोहायचं, ओल्या अंगानं सायकलवर बसायचं, मग धावायचं. पेपरवाले ट्रायथलॉन छापतात, आर्णीत सगळे तिहेरी म्हणतात. जिल्ह्यात ती भरवणारं मंडळ एकच, भीमसिंगभाऊ राठोडांचं. सर्टिफिकेट त्यांचं, नियम त्यांचे. मागच्या साली दोघं जण बाहेरच्या जिल्ह्यात शर्यतीला गेले, तर भाऊंनी त्यांची नावंच कापली. पोलीस भरतीला ज्यांना हे सर्टिफिकेट लागतं ती पोरं त्यामुळे त्यांच्यापुढे तोंड उघडत नाहीत.

या वेळी लखन पहिला येणार. चोवीस वर्षांचा, तांड्यावरचा पोरगा. तीन वर्षं माझ्याकडे तिहेरी शिकतो आहे. त्याची सायकल मी जुन्या फ्रेमवर बांधून दिली. सध्या लोकांच्या वावरात फवारणीला जातो. यंदा कपाशी इतकी उंच झाली आहे की पंप पाठीवर घेऊन माणूस आत शिरला की दिसेनासा होतो. आज तलावावर उशिरा आला.

"उस्ताद, पाठ लय दुखून राह्यली. काल दिवसभर पंप मारला."

मी म्हणालो, दुखू दे. पाण्यात उतर.

२३ सप्टेंबर, शनिवार

उद्या शर्यत. आज आराम.

संध्याकाळी लखन वावरातून थेट दुकानात आला. अंगावर तेच कपडे, औषधाचा वास. जमिलानं ओढणी नाकाला लावली. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, तोंडात सारखी थुंकी येत होती, दर दोन मिनिटांनी बाहेर जात होता. हात थरथरत होते. चेन चढवताना दोनदा निसटली. घामानं पाठ भिजलेली.

"उद्या राहू द्यावं का उस्ताद? मले बरं नाई वाटून राह्यलं."

शर्यतीच्या आदल्या दिवशी भीतीनं माझंही असंच होतं. मी हसलो, लिंबूपाणी पाजलं, म्हणालो, "तीन वर्षं कायले घासलो मग आपण? झोप निवांत." मान हलवून गेला.

२४ सप्टेंबर, रविवार

पोहणे १८ मिनिटं. सायकल ४३. धावणे २८. कपडे बदलणं धरून एक तास एकतीस मिनिटं. माझा आजवरचा सगळ्यात चांगला वेळ. पस्तिशीच्या वरच्यांत तिसरा.

बाकी लिहवत नाही.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

लिहून काढतो.

शर्यत सहाला सुरू व्हायची होती. पाहुणे आले साडेआठला. भाषण झालं. आठ चाळीसला शिट्टी वाजली. ऊन डोक्यावर आलेलं, पिण्याचं पाणी तिथंच संपलं. थांबलो होतो तेव्हा लखन मांडवाच्या मागे जाऊन ओकून आला. म्हणाला, आता बरं आहे. तलावातून तो माझ्या आधी निघाला. चौदाव्या किलोमीटरला मागे पडला. मी पुढे निघालो.

मी धावणं संपवलं, पाणी प्यायलो, नाव पुकारलं, गळ्यात पदक घातलं. नंतर लाऊडस्पीकरवर कोणीतरी बोललं, सायकलच्या वाटेवर एक मुलगा पडला आहे, अॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरनं लगेच यावं. ड्रायव्हर येणार कुठून? गाडी पाहुण्यांच्या ताफ्यात गेली होती. शेवटी भाजीच्या टेम्पोत टाकलं. यवतमाळ यायच्या आधीच गेला.

मंडळानं पेपरला दिलं आहे: खेळाडूनं आजार लपवला. तो दहा पंचवीसला पडला आणि पंधरा मिनिटांत मदत पोचली.

लखनची सायकल टेम्पोवाल्यानं दुकानात आणून ठेवली. घ्यायला कोणी आलं नाही.

८ ऑक्टोबर, रविवार

पेपरात रोज तेच. फवारणी करणारी माणसं दवाखान्यात. डोळ्यांतून पाणी, थुंकी, घाम, हात थरथरणं, ओकाऱ्या. त्याच ओळी पुन्हा पुन्हा वाचत होतो. जमिलानं पेपर ओढून घेतला.

दुपारी उज्ज्वला आली. लखनची बहीण, तेवीस वर्षांची. तीही शर्यतीत होती, पोलीस भरतीची तयारी करते. दुकानाच्या पायरीवर बसली. सायकलकडे पाहिलं नाही.

"कलीमभाई, तुम्ही त्याच्या पुढं कोठी गेले?"

म्हणालो, वाटेत कुठंतरी. लक्षात नाही.

"बरं," म्हणाली आणि गेली. या प्रश्नाचं तिला काय पडलं आहे, कळत नाही. दुःखात माणूस काहीही विचारतो.

२२ ऑक्टोबर, रविवार

सायकल १२ किलोमीटर.

महिनाभरानं निघालो. उजाडलेलं होतं, रस्त्यावर कपाशी वेचायला जाणाऱ्या बायका होत्या. गावाबाहेर पडलो आणि मागे फ्रीव्हील वाजायला लागली. कट कट कट, वीसेक हात मागे. वळून पाहिलं तर कोणी नाही.

सायकलवाला आहे, म्हणून सांगतो. पायडल मारणं थांबवलं की फ्रीव्हील वाजते. मारत राहिलं की वाजत नाही. मी न थांबता मारत होतो, चढ होता. म्हणजे वाजत होती ती माझी नव्हती.

परत आलो तेव्हा जमिला दारात उभी. "आज दो सायकलें निकलीं क्या घर से?" तिनं सहजच विचारलं. मी चहा मागितला.

१९ नोव्हेंबर, रविवार

गझाला मॅडमनी सगळ्यांना यवतमाळला बोलावलं. शाळेच्या मैदानावर चाळीसेक जण जमले. जानेवारीच्या अठ्ठावीसला मंडळाची पुढची शर्यत आहे. मॅडम म्हणाल्या, "लखनची चौकशी होत नाही, उशीर का झाला, गाडी कुठं होती याचं उत्तर मिळत नाही, तोवर आपण पाण्यात उतरायचं नाही."

राजूरचा किसनसिंग कोळसा खाणीत कामाला आहे. अंगानं पहेलवान. तो उठला. "नाई उतरायचं म्हंजे कोनीच नाई उतरायचं. जो उतरन त्याले आमी पाहून घेऊ."

"कोणाला पाहायचं-बिहायचं नाही," मॅडम म्हणाल्या.

एक मुलगा म्हणाला, माझं भरतीचं हे शेवटचं वर्ष आहे. मग सगळे माझ्याकडे पाहायला लागले, लखन माझा म्हणून. मी उभा राहून सांगितलं, बहिष्कार बरोबर आहे. टाळ्या झाल्या. टाळ्यांत उज्ज्वला नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती.

३ डिसेंबर, रविवार

सायकल नाही.

भीमसिंगभाऊ स्वतः दुकानात आले. लाकडी स्टुलावर बसले, चहा घेतला, बोंडअळीनं कोणाकोणाचं पीक गेलं ते विचारलं. मग म्हणाले, "लखन माह्याच तांड्याचा. मले दुःख नाई का? पण तू त्याच्यावर राजकारण कायले करून राह्यला?"

मी म्हणालो, राजकारण नाही भाऊ, चौकशी मागतो आहे.

त्यांनी मोबाईल काढला. त्यांच्या फोटोवाल्यानं वाटेत सगळ्यांचे फोटो काढले होते, नंबर पाहून ज्याचा त्याला देतात. हा एक त्यांनी बाजूला ठेवलेला. कडुनिंबाखाली लखन बसलेला, सायकल आडवी पडलेली. समोरून जाताना मी, नंबर त्रेसष्ट, मान खाली. लखनचा हात माझ्याकडे उचललेला.

"कोनाले दाखवला नाई मी," भाऊ म्हणाले. "तुहीच इज्जत जाईन. अन् लोकं मग त्याले वेगळंच नाव देतीन. पोरगा तांड्याचा, तू मुसलमान. समजते ना तुले?"

फोटो त्यांनी माझ्या मोबाईलवर पाठवून दिला, माझ्याजवळ असावा म्हणून. चहाचे पैसे देत होते, मी घेतले नाहीत.

त्या दिवशी मला वाटलं होतं, हात वर करून तो मला जा म्हणतो आहे. मी ओरडलो होतो, "ऊठ लखन, वेळ जाऊन राह्यला!" आणि पुढे गेलो.

१७ डिसेंबर, रविवार

दुसरी बैठक. मी बोललो. म्हणालो, बहिष्कारानं मंडळाचं काय बिघडणार? बाहेरून शंभर जण आणतील. नुकसान आपल्या पोरांचं, त्यांचं वर्ष जाईल. आत राहून भाऊंशी बोलू, वेळेवर सुरू करा म्हणू, गाडी ठेवा म्हणू. तोडून काही मिळत नसतं.

मनापासून बोललो. घरी येईपर्यंत मला स्वतःला सगळं पटलं होतं. पोरांचा विचार कोणीतरी करायलाच पाहिजे.

किसनसिंग म्हणाला, "आपलाच मानूस फिरला." निघताना फाटकाजवळ उज्ज्वलानं गाठलं.

"त्याच्या पुढं कोठी गेले तुम्ही?"

पुन्हा तेच. मी म्हणालो, बेटा, आता सोड ते.

२ जानेवारी २०१८, मंगळवार

सायकल १५. ती दुसरी सायकल होतीच मागे. आज मी थांबलो, उतरलो, रस्त्याच्या कडेला बसून राहिलो. तीही थांबली. समोरून एसटी गेली, दोन मोटरसायकली गेल्या. कोणी विचारलं नाही, का बसला म्हणून. पंधरा मिनिटं बसलो. बसलेल्या माणसाला रस्ता किती लांब दिसतो.

१४ जानेवारी, रविवार

संक्रांत. तिळगुळाचा डबा जमिलानं भरून दिला. तिला सगळं सांगितलं होतं काल. ऐकून ती बराच वेळ कणीक मळत राहिली. मग म्हणाली, "माँ को दिखाओ. पहले माँ को." तांड्यावर गेलो.

लखनची आई, बिजलीकाकी, अंगणात वेचलेला कापूस निवडत होत्या. अळीनं खाल्लेला, पिवळा. त्याचे वडील लालसिंगकाका बाजेवर. उज्ज्वला भाकऱ्या करत होती, ती उठून दाराशी आली.

"काकी, लखनचा एक फोटो आहे माझ्याकडे. शेवटचा."

त्यांनी हात लुगड्याला पुसले. मोबाईल दोन्ही हातांत धरला.

"बसला हाय," म्हणाल्या. "जित्ता हाय."

"हो."

"हे सायकलवाले कोन?"

"मी."

"थांबले नाई तुमी?"

"नाही थांबलो, काकी."

उज्ज्वला आईला म्हणाली, "मले माहीत होतं, याडी. हे पाण्यातून निंघाले तवा लखन पुढं होता. पोचले तवा नव्हता. मंग मधात कोठीतरी त्याच्या जवळून गेलेच असतीन. मी दोनदा इचारलं यायले."

काकींनी तिच्याकडे पाहिलं नाही. फोटोवर बोट ठेवलं. "गाडी तवाच आली असती तं?"

सगळ्यांनी त्यांना सांगितलं आहे, त्याची वेळ भरली होती. मीही तेराव्याला तेच बोललो होतो. आज ते म्हणालो नाही. गझाला मॅडम डॉक्टरांकडे जाऊन विचारून आल्या होत्या. विषावर औषध असतं, वेळेत सुई मिळाली तर माणूस उठून बसतो.

"वाचला असता काकी. बहुतेक वाचला असता."

"चार महिने झाले," त्या म्हणाल्या. "हे कोनी सांगतलं नाई मले."

फोटोखाली बारीक आकडे होते, उज्ज्वलानं मोठे करून वाचले. नऊ एकतीस. मंडळ म्हणतं, तो दहा पंचवीसला पडला. हे मी सव्वा महिना रोज पाहत होतो आणि मला दिसलं नव्हतं. मी फक्त मलाच पाहत होतो.

"हे लिहून कोठी द्याचं?" काकींनी विचारलं.

लालसिंगकाका बाजेवरून म्हणाले, "भीमसिंग आपला मानूस हाय."

"मंग लखन कोनाचा होता?"

काका तोंड फिरवून बसले. काकी माझ्याकडे वळल्या. "उजीची शर्यत होऊ द्या. आधी देल्लं तं तिचं नाव कापतीन. मंग जाऊ. तुमाले याव लागन."

डबा त्यांनी घेतला नाही. परत आणला.

२१ जानेवारी, रविवार

यवतमाळच्या मैदानावर सगळ्यांना फोटो दाखवला. किसनसिंगनं माझी कॉलर धरली, भिंतीला नेलं. मी हात खाली ठेवले. मॅडमनी सोडवलं नाही. त्यानं स्वतःच सोडलं आणि मैदानाच्या पार टोकाला जाऊन उभा राहिला. मग मॅडमनी फोटो पुन्हा मागितला, वेळ वहीत लिहून घेतली.

"याचा अर्थ त्यांच्या माणसानं नऊ एकतीसला पाहिलं होतं," त्या म्हणाल्या. "फोटो काढला, आणि कोणाला कळवलं नाही." मग माझ्याकडे वळून, "तुमच्यासारखंच."

मी म्हणालो, हो.

बहिष्कार ठरला. ज्याला उतरायचं आहे त्यानं उतरावं, त्याला कोणी बोलायचं नाही, हेही ठरलं. किसनसिंगला ते मान्य नव्हतं, तरी हात वर केला. माझं नाव कुठंच पुढे ठेवायचं नाही, हे मीच सांगितलं. कोणी नको म्हणालं नाही.

२८ जानेवारी, रविवार

आम्ही बावन्न जण तलावाच्या बांधावर उभे होतो. घोषणा नाहीत. हातात आपापले नंबर, परत द्यायला आणलेले. मंडळाचा माणूस ते गोळा करायला तयार होईना, म्हणून बांधावरच दगडाखाली ठेवले.

शर्यत झाली. बाहेरून आणलेले धरून सत्तर-पंच्याहत्तर उतरले असतील. बरोबर सहाला शिट्टी वाजली. पाहुणे नव्हते. दोन अॅम्ब्युलन्स उभ्या, पाण्याचे ड्रम प्रत्येक वळणावर. भीमसिंगभाऊ माईकवर म्हणाले, खेळाडूंची सुरक्षितता हेच आमचं पहिलं ध्येय. किसनसिंग म्हणाला, "एवढं तं मागत होतो बापा."

उज्ज्वला उतरली. पाण्यात जायच्या आधी बांधाकडे एकदा पाहिलं. गझाला मॅडमनी हात वर केला. सायकलच्या वाटेवर आम्ही काही जण चौदाव्या किलोमीटरला जाऊन थांबलो. बिजलीकाकीही आल्या होत्या, कडुनिंबाखाली बसल्या. नेमक्या तिथंच, जागा कोणी दाखवली नव्हती. सायकली येत राहिल्या. एक पोरगा, चंद्रपूरकडचा असावा, काकींना पाहून थांबला, "आजी, बरं आहे ना? पाणी देऊ?" म्हणाला. काकींनी त्याला हातानं पुढे जायला सांगितलं. तो गेला. मी रस्त्याकडे पाठ करून उभा राहिलो.

उज्ज्वला आईकडे न पाहता निघून गेली. मुलींत चौथी आली. सर्टिफिकेटवर सही भीमसिंगभाऊंची.

संध्याकाळी निरोप आला. बावन्न जणांची नावं कायमची कापली. मॅडम म्हणतात, आपली आपण भरवू. तलावाची परवानगी कोण देणार, कोणाला माहीत नाही.

२९ जानेवारी, सोमवार

काकी, उज्ज्वला, गझाला मॅडम आणि मी पोलीस स्टेशनला गेलो. जमादार आधी म्हणाले, मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल आहे, आता नवीन काय? मॅडमनी फोटो दाखवला, मंडळाचं पेपरातलं निवेदन दाखवलं. त्यांनी दोन्हीवरची वेळ पाहिली. खुर्ची पुढे ओढली. आधी काकींचा जबाब घेतला, मग माझा.

नाव, वय, धंदा. किती वाजता, कुठं. लखन कसा बसला होता. हात कसा होता. आदल्या संध्याकाळी कसा होता, तेही मीच सांगितलं, त्यांनी विचारलं नव्हतं.

"तुम्ही ओळखीचे. मंग थांबले काहून नाई?"

इतक्या दिवसांत काय काय उत्तरं तयार केली होती. ऊन होतं. वाटलं दम लागला असेल. वाटलं मागून कोणी येईल. काकी शेजारच्या बाकावर बसल्या होत्या.

"माझा वेळ चांगला चालला होता," मी म्हणालो.

जमादारांनी माझ्याकडे पाहिलं, आणि तेवढंच लिहिलं. मी सही केली. चौकशी करू म्हणाले. कधी, ते सांगितलं नाही.

बाहेर आल्यावर काकी म्हणाल्या, "तो फोटो कागदावर काढून द्या. त्याच्या एकट्याचा. तुमी नको त्यात."

स्टँडजवळ शमाच्या स्टुडिओत गेलो. तिनं कॉम्प्युटरवर फोटो घेतला, उजवीकडून कापत आणला. माझा चेहरा गेला, नंबर गेला, हात गेले. मग थांबली. "आता आणखी कापलं तर त्याचा हात तुटतो, भाईजान. बोटं चाकावर आली आहेत."

मी काकींकडे पाहिलं. त्या स्क्रीनकडे पाहत होत्या.

"हात राहू दे," म्हणाल्या.

शमानं तसाच काढून दिला. लखन झाडाखाली बसलेला, हात उचललेला, आणि कडेला माझ्या सायकलचं पुढचं चाक. काकींनी तो पदरात गुंडाळला आणि दोघी मायलेकी तांड्याकडे जाणाऱ्या ऑटोत बसल्या.